मालवाहू गाडीच्या मडगार्डचे आतले अस्तर : पावसाळ्यापूर्वीचे एक दुर्लक्षित काम

रोहिणी नक्षत्र लागले की शेतकरी औतफाट्याची डागडुजी हाती घेतो. फाळाला धार लावून आणतो, पाभरीचे चाडे व नळे तपासतो, फवारणी पंपाचे वॉशर बदलून ठेवतो. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर यांपैकी काही अडले तर पेरणी लांबते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु त्याच घराच्या अंगणात उभी असलेली दहा-बारा वर्षांची पिकअप गाडी मात्र या डागडुजीतून बहुधा सुटते. तिचे तेल बदलले, हवा भरली, की काम संपले असे समजले जाते. वास्तविक आज खताच्या पोत्यांपासून टोमॅटोच्या क्रेटपर्यंत सारी वाहतूक या गाडीवर अवलंबून आहे, आणि पावसाळ्याचा मारा औताइतकाच तिच्यावरही होतो. तो मारा ज्या भागावर सर्वांत आधी पडतो, त्या मडगार्डच्या आतील अस्तराविषयी या लेखात माहिती द्यावयाची आहे.

पुढच्या चाकावर बाहेरून जो रंगविलेला पत्रा दिसतो त्यास आपण मडगार्ड म्हणतो. त्याच्या आत, टायर व पत्रा यांच्या मधोमध, कमानीच्या आकाराचे आणखी एक आवरण असते. काही जुन्या गाड्यांत ते पत्र्याचे असून त्यास खाली रबराची झडप जोडलेली असते; नंतरच्या गाड्यांत ते काळ्या प्लास्टिकचे असते. गॅरेजमध्ये त्यास लायनर म्हणतात. चाकाने उडविलेला चिखल, पाणी व खडी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगावर, हेडलाइटच्या पाठीवर, हॉर्नवर, वायरींच्या जुडग्यावर आणि इंजिनाच्या कप्प्यात जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकावरून सुटलेला खडा साधारण तितक्याच वेगाने आत आदळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या पातळ आवरणाला दहा वर्षांत काय सोसावे लागते याची कल्पना येईल.

सामुदायिक विकास कार्यक्रमास २ ऑक्टोबर १९५२ रोजी प्रारंभ झाला. त्या काळी खेडोपाडी हिंडलेल्या जीपगाड्यांना असले अस्तर नव्हते. सपाट, उघडे, दणकट पत्र्याचे मडगार्ड; चिखल बसला तर तो दिसत असे आणि काठीने खरवडून काढताही येत असे. आजच्या गाडीचा पत्रा गोलाईदार असून त्याच्या घड्या व खाचा पुष्कळ आहेत. त्या खाचांत गेलेला चिखल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अस्तराची गरज, आणि म्हणूनच ते फाटल्यावर होणारी हानीही लपून होते.

शेतातील गाडी शहरातील गाडीपेक्षा लवकर का गंजते

लोखंड गंजण्यास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. त्यांत क्षार मिसळले म्हणजे ही क्रिया झपाट्याने होते, कारण क्षारयुक्त पाणी विद्युत्‌प्रवाहाचे चांगले वाहक असते व गंजणे ही मुळात विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. शेतकऱ्याच्या गाडीला हे क्षार आयते मिळतात. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमी भाग क्लोराइडचा असतो. फाटक्या पोत्यातून सांडलेले हे खत हौद्याच्या फटींतून खाली उतरते, चिखलात मिसळते व चाकाबरोबर वर फेकले जाते. युरिया दमट हवेत ओल ओढून घेतो. अमोनियम सल्फेट ओलाव्यात आम्लधर्मी होते. शेणखत व मळी यांची वाहतूक करणाऱ्यांना तर वेगळे सांगावयास नको. कोकणात खाऱ्या वाऱ्याची यांत भर पडते.

मातीचाही यात मोठा वाटा आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी धरून फुगते आणि ते सहजासहजी सोडत नाही. पिकाच्या दृष्टीने हा तिचा गुण. पण मडगार्डच्या खाचेत बसलेला या मातीचा गोळा वरून वाळलेला दिसला तरी आत आठवडाभर ओला राहतो. पत्र्याला जणू ओले पोटीस बांधून ठेवावे तसा हा प्रकार होतो. मराठवाड्यात व विदर्भात भर पावसात कच्च्या रस्त्याने गाडी काढली म्हणजे टायर आणि अस्तर यांमधील जागा या मातीने ठासून भरते, चाक जड होते, आणि स्टिअरिंग फिरविताच अस्तराच्या खुंट्या पटापट तुटतात. अस्तर फाटण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आम्हांस आढळले आहे; खड्यांचा क्रम त्यानंतर लागतो.

गव्हावरील तांबेऱ्याला त्याच्या रंगावरून नाव मिळाले. तो बुरशीचा रोग, आणि लोखंडाचा गंज ही रसायनाची करणी. दोहोंचा संबंध रंगापुरताच. तरीही शेतकऱ्याने एक साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोहोंनाही ओलावा हवा असतो, आणि दोन्ही डोळ्यांना दिसू लागतात तेव्हा बरेच पसरलेले असतात. मडगार्डच्या बाहेरच्या रंगाला फोड आला, तर आतून पत्रा खाल्ला गेला आहे असे निश्चित समजावे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळेच रंग उचलला जातो व खपल्या सुटतात.

केवळ पत्रा खराब होऊन भागले असते तर एवढे विवेचन करण्याचे कारण नव्हते. जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाच्या जुन्या गाडीचे चालकाच्या बाजूचे अस्तर दोन खुंट्यांवर लोंबत होते. सुतळीने बांधून त्याने एक हंगाम काढला. दुसऱ्या पावसाळ्यात टायरने ते अस्तर ओढून फाडले आणि त्यामागील वायरींचे जुडगे उघडे पडून टायरला घासू लागले. एके रात्री नारायणगावच्या बाजाराकडे माल नेत असता वायरी एकमेकींस टेकल्या, फ्यूज उडाला आणि दोन्ही हेडलाइट एकदम विझले. पाऊस कोसळत होता, रस्ता वळणाचा होता. गाडी कडेला घेता आली, हे नशीब. उजाडेपर्यंत ती तेथेच उभी राहिली. बाजारात पोहोचेतो लिलाव उरकला होता. क्रेट पडत्या भावाने द्यावे लागले. त्या रात्री गाडीत मागे दोन मजूरही बसलेले होते, ही गोष्ट त्याने आम्हांस सर्वांत शेवटी सांगितली.

शिवाय, आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पत्रा कुजलेला, दिवे बेभरवशाचे अशा अवस्थेतील गाडी तपासणीस नेणे म्हणजे हेलपाट्यांना निमंत्रण होय.

अस्तर उतरविणे

हे काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यावे की घरी करावे, असा प्रश्न विचारला जातो. चाक काढता येणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास हे काम घरी करता येईल, असे आमचे मत आहे. एक दिवस पुरत नाही. दोन दिवस धरावेत, कारण मध्ये पत्रा पूर्ण वाळावा लागतो. घाईच्या गॅरेजमध्ये नेमके हे वाळविणेच राहून जाते.

गाडी सपाट व टणक जागी घ्यावी. शेतातील भुसभुशीत मातीत जॅक लावू नये. हँडब्रेक ओढून मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलावी. जॅक कोठे लावावयाचा ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. आता सर्वांत महत्त्वाची सूचना : केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. लोखंडी स्टँड मिळाल्यास उत्तम. नाहीतर रुंद, न फुटलेले लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून चेसिसखाली द्यावेत. दगड, विटा अथवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नयेत. ते भाराखाली एकाएकी फुटतात. काढलेले चाकही चेसिसखाली आडवे सारून ठेवावे. काही कारणाने गाडी निसटली तर ती चाकावर टेकते व खाली असलेला माणूस वाचतो. वायरींजवळ काम असल्याने बॅटरीची ऋण तार आधी सोडून ठेवावी.

सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती खुंटी कोठे, कोणता स्क्रू लांब, कोणता आखूड, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्लास्टिकच्या खुंट्यांना बाजारात क्लिप म्हणतात. त्यांच्या मधली टाचणी सपाट स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचलली की बाकीची खुंटी सुटते. जुन्या खुंट्या बहुधा तुटतात. तुटू द्याव्यात, त्या वाचविण्याच्या नादात पत्र्याचे भोक मोठे करणे परवडत नाही. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडविणारे तेल टाकून अर्धा तास थांबावे. मग स्क्रू आधी कणभर आवळून नंतर सैल करावा; आवळताना गंजाची पकड मोडते व डोके तुटत नाही. प्रथम खालची रबरी झडप, मग कमानीच्या कडा, आणि शेवटी आतील बाजू अशा क्रमाने अस्तर सोडवून चाकाच्या पोकळीतून बाहेर काढावे.

त्यामागे काय दिसते

या ठिकाणी बहुतेकांची चूक होते. जुने अस्तर काढले, नवे बसविले, चाक चढविले, एका तासात गाडी रस्त्यावर. अशा रीतीने बसविलेले नवे अस्तर हे अस्तर नसल्यापेक्षाही वाईट, असे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. फाटक्या अस्तरामागचा चिखल निदान वाऱ्याने वाळतो तरी. नव्या, घट्ट अस्तरामागे झाकलेला ओला चिखल व गंज यांना कोणीही हात लावीत नाही आणि पुढील दोन-तीन वर्षे ते आपले काम निवांत करीत राहतात. अस्तर बदलणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे त्या निमित्ताने उघडी पडलेली जागा स्वच्छ करणे.

चिखल दोन ठिकाणी अधिक साठतो. एक, मडगार्डच्या बाहेरच्या कडेची जी घडी आत वळलेली असते तिच्यात. दुसरे, मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, दरवाजाच्या खांबाजवळ. या दुसऱ्या जागी पाणी निघून जाण्यास भोक असते. ते चिखलाने बुजले की कोपऱ्याचे डबके होते. बांबूच्या चिवाटीने माती उकरून काढावी. लोखंडी सळईने रंग खरवडला जातो. नंतर नळीच्या बेताच्या धारेने धुवावे. सर्व्हिस स्टेशनचा दाबाचा फवारा दिव्यांच्या व वायरींच्या जोडांवर मारू नये. धुतल्यावर गाडी एक दिवस उन्हात उघडी ठेवावी. वैशाख-ज्येष्ठातील ऊन याला फार उपयोगी पडते, आणि हे काम मृगापूर्वी करण्याचे खरे कारण तेच आहे.

पत्रा वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेल्याचा आवाज बद्द येतो. वरवरचा गंज असल्यास तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने खपल्या काढून, पुसून, गंजरोधक प्रायमरचा हात द्यावा, तो वाळला की रंगाचे दोन हात. पत्र्याला भोक पडले असल्यास कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो. भोकावर पुट्टी भरून रंग देण्याची पद्धत सर्रास आहे. तिने विकणाऱ्याचे काम भागते, वापरणाऱ्याचे नाही. गंज जर चेसिसला, केबिनच्या आधाराला अथवा शॉक अॅब्सॉर्बर जेथे बसतो त्या जागेला लागलेला असेल, तर घरगुती उपाय थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावे व तोवर गाडीवर भार घालू नये.

चाक काढलेलेच आहे, तेव्हा ब्रेकच्या रबरी नळीकडेही पाहावे. तिला चिरा पडल्या असल्यास किंवा ती ओलसर लागत असल्यास अस्तराचे काम बाजूस ठेवून आधी ती बदलावी. स्टिअरिंगच्या सांध्यांवरील रबरी टोप्या फाटल्या आहेत काय, शॉक अॅब्सॉर्बर तेल गाळतो काय, वायरींवरचे आवरण कोठे घासले आहे काय, हे सारे पाहावयास पाच मिनिटे लागतात.

एका रूढ उपायाविषयी दोन शब्द. इंजिनातून काढलेले काळे ऑइल गाडीच्या खालून फासण्याची चाल खेड्यांतून आहे. त्याने गंज थोडा थांबतो हे खरे; परंतु रबराच्या नळ्या व टोप्या त्याने फुगून मऊ पडतात, धूळ चिकटून राहते, आणि ते ब्रेकवर ओघळले तर ब्रेक धरत नाहीत. उरलेले पहिल्या पावसाबरोबर आपल्याच शेतात व विहिरीत जाते. हा उपाय सोडून द्यावा. बाजारात मेणाचे वा डांबरी स्वरूपाचे तयार लेप मिळतात. ते स्वच्छ, कोरड्या, प्रायमर दिलेल्या पत्र्यावर लावावेत व पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. गंजावर लेप दिल्यास ओल आत कोंडते.

नवे अस्तर बसविणे

विकत घेताना गाडीचे नाव सांगणे पुरेसे नाही. बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ म्हटले तरी त्यांच्या निरनिराळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक असू शकतो. निर्मितीचे वर्ष सांगावे, आणि जुने अस्तर फाटके असले तरी सोबत न्यावे. चालकाची बाजू व क्लीनर बाजू यांची अस्तरे वेगळी असतात. दुकानात दोन्ही एकावर एक ठेवून भोके जुळतात का ते पाहावे. स्वस्त मालाचे प्लास्टिक पातळ असते व भोके अर्धा बोट सरकलेली असतात; मग बसविणारा पत्र्याला नवी भोके पाडतो आणि प्रत्येक नवे भोक गंजाला नवे दार होते. नाइलाजाने भोक पाडावेच लागले तर त्याच्या कडेला प्रायमर लावून मगच स्क्रू घालावा. खुंट्या मात्र सर्व नव्या घ्याव्यात.

ज्या गाडीचे अस्तर बाजारात मिळतच नाही, तिच्या मालकाने काय करावे? सिमेंटचे पोते, जाहिरातीच्या फ्लेक्सचे कापड, जुनी ट्यूब असे नाना प्रयोग आम्ही पाहिले आहेत. कापड व पोते सुटून चाकात गुंडाळण्याचा धोका असतो. ते कदापि वापरू नये. कन्व्हेयर पट्ट्याचे रबर टिकाऊ खरे, परंतु त्याच्या वजनाने खुंट्या उपटतात. त्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या पाण्याच्या पिंपाचा गोलाईचा भाग जुन्या अस्तराच्या मापाने कापून, रुंद वॉशर घालून बसविल्यास बरे काम देतो. कीटकनाशकाचे पिंप किंवा कॅन यासाठी घेऊ नयेत. ते कापताना व गरम करताना त्यांतील विषाचा अंश अंगावर येतो.

बसविताना प्रथम सारे स्क्रू व खुंट्या सैलच लावाव्यात आणि अस्तर कोठेही ताणलेले नाही याची खात्री करून मग मधून कडांकडे आवळत यावे. प्लास्टिकवर स्क्रू करकचून आवळू नये, तडा जातो. वायरींचे जुडगे अस्तराच्या मागे, आपल्या मूळ चिमट्यांतच बसले पाहिजे. चाक चढवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा पक्के करावेत. बॅटरीची तार जोडून दिवे, हॉर्न व वळणाचे दिवे लावून पाहावेत.

यानंतर स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवून टायर कोठे लागतो काय ते पाहावे. रिकाम्या गाडीवर केलेली ही तपासणी अपुरी होय. पुढील स्प्रिंगा बसलेल्या असतील, किंवा कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर घातलेले असतील, तर भरल्या गाडीत खड्ड्यावर टायर अस्तराला घासतो. पहिल्या भरल्या फेरीनंतर अस्तराच्या आत बॅटरी धरून पाहावे. काळ्या प्लास्टिकवर चकचकीत पट्टा उमटला असेल तर दोष अस्तराचा नाही, स्प्रिंगचा, टायरचा किंवा भाराचा आहे. तो दूर केल्यावाचून दुसरे अस्तरही पहिल्याच्या वाटेने जाईल. मर्यादेबाहेर माल भरण्याच्या सवयीचा पुरावा पुष्कळदा येथेच सापडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके मेअखेर आपण घेताच. त्याच दिवशी गावातील एखादी जुनी पिकअप उभी करून तिचे एका बाजूचे अस्तर सर्वांदेखत उतरवावे. आतून घमेलेभर माती निघते ती पाहिल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या व दूध संस्था यांच्या गाड्या अनेक चालकांच्या हातून जातात, आणि म्हणून त्यांची कोणीच पाहणी करीत नाही. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. अस्तर शेवटचे कधी उतरविले त्याची तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी.

चाक एकदा काढले की पन्नास ते ऐंशी किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत, आणि त्याच वेळी अस्तराच्या खुंट्या हाताने दाबून पाहाव्यात. पावसाळ्यात खताची प्रत्येक खेप टाकून आल्यावर, चिखल ओला आहे तोवरच, चाके पूर्ण वळवून कमानींत साध्या पाण्याची धार मारावी. वाळलेली काळी माती निघावयास दसपट पाणी लागते.